'पोळी' म्हणजे भाजतं: रोज ऐकलेल्या गाण्याचा अर्थ उशिरा कळतो तेव्हा

पिंपळपान

गेल्या शनिवारची गोष्ट आहे, चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय. सकाळी ओट्यापाशी स्टुलावर बसून गवार मोडत होते, बाहेर पाऊस लागलेला आणि मोबाईलवर लताबाईंचं 'घनु वाजे घुणघुणा' लावलेलं. दर पावसाळ्यात पहिल्या सरीला आमच्याकडे हे गाणं लागतंच, माहेरी रेडिओवर लागायचं तेव्हापासूनची सवय. लेक (दुसरीत आहे) खाली फरशीवर चित्र रंगवत होती. 'चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी' आलं तशी तिने मान वर करून विचारलं, आई, अंगाची पोळी कशी करतात गं?

मी म्हटलं खायची पोळी नाही गं बाळा, पोळी म्हणजे पोळतं, भाजतं, तवा लागला की होतं ना तसं. हे बोलून झालं आणि शेंग हातात तशीच राहिली. चंदनाने अंग भाजतं? चाळीस वर्षं मी हे पावसाचं गाणं म्हणून ऐकतेय. घन, वारा, चांदणं, चाफा, सगळं कसं छान छान, असंच डोक्यात होतं. शब्द पाठ आहेत, कुठूनही सुरू करून द्या पुढचं म्हणेन, पण ही बाई नक्की काय सांगतेय हे एकदाही थांबून बघितलं नव्हतं.

मग गाणं पहिल्यापासून परत लावलं, या वेळी हात बाजूला ठेवून. चंद्र, चांदणं, चाफा, चंदन, देवकीनंदनाशिवाय यातलं काहीच आवडत नाहीये तिला. चंदनाची उटी चोळीसारखी अंगभर लावलीये आणि तिनेच अंग पोळतंय. फुलांची शेज 'सीतळ' आहे, थंडगार आहे हे ती स्वतःच सांगते, आणि लगेच म्हणते ही आगीसारखी पोळतेय, 'वेगी विझवा'. शेज विझवा! म्हणजे ज्या ज्या गोष्टीने माणसाला गार वाटतं ती प्रत्येक गोष्ट तिला चटका देतेय. मागे मला डेंगी झाला होता तेव्हा कपाळावरची ओली पट्टीसुद्धा चावल्यासारखी वाटायची, आई प्रेमाने बदलत होती आणि मी तिचा हात ढकलत होते, ते एकदम आठवलं. शेवटी ती आरशात बघते तर स्वतःचं रूपच दिसत नाही, 'विठ्ठलें मज ऐसे केले' म्हणते आणि अभंग संपतो. पुढे काही नाही. कान्हा आला की नाही ते सांगतच नाही.

हे लिहिणारा मुलगा, ज्ञानेश्वर, १२७५ साली जन्मलेला आणि १२९६ ला आळंदीला समाधी घेतलेला. एकविसाव्या वर्षाच्या आत त्याला हे कुठून कळलं असेल?

तर मला विचारायचंय की तुमचं असं कुठलं गाणं आहे का जे वर्षानुवर्षं गुणगुणत होतात आणि एक दिवस त्याचा अर्थ दारात येऊन उभा राहिला? आणि त्यानंतर ते गाणं पहिल्यासारखं ऐकता आलं का? मला आता हे भजी तळताना लावता येईल असं वाटत नाही, आणि त्याचं थोडं वाईटही वाटतंय.

मध्यलय

ताई फार मनापासून लिहिलंय. पण माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मी बारा वर्षं ख्याल शिकतोय आणि मला खरं सांगायचं तर शब्द आधी ऐकूच येत नाहीत, सूर ऐकू येतात. आमच्या बंदिशीत बहुतेक वेळा सास ननंद पिया पायल एवढंच असतं, दोन ओळी, आणि त्या दोन ओळींवर पाऊण तास गायचं. गुरुजी म्हणायचे की शब्द ही खुंटी आहे, स्वर तिच्यावर टांगायचा. म्हणून मला वाटतं अर्थ तुम्हाला चाळीस वर्षं कळला नव्हता असं नाहीच. 'वेगी भेटवा का' मधली जी ओढ आहे ती तुम्हाला लागत होतीच, म्हणून तर दर पावसाळ्यात तुम्ही हेच गाणं लावत होतात, दुसरी ढीगभर पावसाची गाणी असताना. अर्थ आत शिरलेला होता, लेकीने त्याला फक्त नावाने हाक मारली.

आणि एक भीती पण वाटते. प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत बसलं की कान बंद होतो, डोकं चालू होतं. मला तसं ऐकायला नाही आवडत.

पिंपळपान

मध्यलय, राग कसला, हेच तर ऐकायचं होतं. ओढ लागत होती हे कबूल. पण मी ती ओढ पावसाच्या खात्यात टाकत होते ना. शेजारी कोणीतरी कण्हत असावं आणि आपण म्हणावं वा काय छान वारा सुटलाय, तसं झालं माझं.

टाळकरी

रामकृष्णहरी माऊली. मी इथं नुसता वाचत असतो, लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. गावाकडं भजनात टाळ धरतो, वर्षातून एकदा वारी, बाकी वेळ पोल्ट्री.

हा अभंग ही विराणी आहे. विराणी म्हणजे विरहिणीचं गाणं. आमच्याकडं भजनाची सुरुवात रूपाच्या अभंगानं होती, देव डोळ्यापुढं उभा करायचा, आणि रात्र चढत गेली की गौळण, विराणी येती. तवर माणसं थकलेली असतात, आवाज बसलेला असतो, आन त्या बसलेल्या आवाजात 'नावडे वो' म्हणलं की काळजाला लागतं. भर दुपारी माईकवर म्हणलं की तेवढं लागत नाही हा माझा अनुभव.

मध्यलय दादांचं म्हणणं ख्यालाला बरोबर असंल, मला त्यातलं कळत नाही. पण आमच्यात गाणं एकीकडं आन अर्थ एकीकडं असं नसतंयच. कीर्तनाला महाराज एकच अभंग घेतात, चार चरणाचा, आणि दोन तास तोच चालतो. एक चरण म्हणायचा, मागं टाळकऱ्यांनी तो उचलायचा, मग त्यातल्या एकेका शब्दावर बोलायचं, तुकोबांचं प्रमाण द्यायचं, नाथांचं द्यायचं, परत तोच चरण उचलायचा. बोलून झाल्यावर तोच चरण परत म्हणताना तो पहिला राहिलेला नसतो. मागं उभं राहून मी हे शेकड्यानं बघितलंय. लोकं पहिल्यांदा नुसतं टाळी वाजवतात आणि दुसऱ्यांदा डोळे मिटतात. म्हणून ताई, अर्थ कळला की कान बंद होतो असं मला तरी वाटत नाही.

माझा शब्द सांगतो, 'क्षेम'. आशाताईंनी म्हणलेलं 'पांडुरंगकांती' सगळ्यांना म्हाईत आहे, हृदयनाथांची चाल. त्यात आहे 'क्षेमालागी मन उतावीळ माझे, म्हणवुनी स्फुरताती बाहो'. मी क्षेम म्हणजे क्षेमकुशल धरलं होतं, पत्रात लिहीत होतो ना पूर्वी, तसं. देवाची खुशाली विचारायला मन उतावीळ झालंय असा माझा अर्थ. पण मग बाहू कशाला स्फुरतील? खुशाली काय हातानं विचारतात? हा प्रश्न मला वीस वर्षात एकदाबी पडला नाही.

एका वारीत मुक्कामाला एक म्हातारे विणेकरी होते, त्यांच्यापुढं मी हा अभंग म्हणलो आन वर अर्थ पण सांगितला. ते काही बोलले नाहीत. गळ्यातली वीणा काढून शेजारच्याच्या गळ्यात घातली, कारण वीणा खाली ठेवायची नसती, आणि पुढं येऊन मला कवेत घेतलं. चांगलं घट्ट. घामाचा न् बुक्क्याचा वास. मग सोडलं न् म्हणले, हे क्षेम. क्षेम देणं म्हणजे मिठी मारणं. क्षेमालिंगन म्हणतात ते हेच.

आता पुढची ओळ बघा. 'क्षेम देऊ गेले तव मीचि मी एकली'. मिठी मारायला गेले आणि मीच एकटी. हात पुढं करून कुणाला धरायला जावं आणि आपलेच दोन हात आपल्याच छातीवर येऊन पडावेत, तसं. 'आसावला जीव राहो'. त्या रात्री मला झोप नाही लागली. अभंग तोच, चाल तीच, टाळ तेच.

अद्वैत वगैरे महाराज लोक सांगतात ते खरंच आहे, भक्त न् देव दोन उरत नाहीत म्हणून मीच मी. पण मला आधी ते रिकामे हात दिसतात.

निळी_शाई

टाळकरी दादा, हे वाचून दोन मिनिटं स्क्रीन बाजूला ठेवली.

सीमाभाग

क्षेम वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. याच अभंगातलं 'कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु'. आम्ही बेळगावचे, घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत दोन्ही. लहानपणी माझी ठाम समजूत होती की देव आमच्या बाजूचा आहे आणि गाण्यात तसं स्पष्ट लिहिलंय. मग कॉलेजात मराठीच्या सरांनी सांगितलं की नाही रे, कानडा म्हणजे कळायला कठीण, न समजणारा, आणि कर्नाटकु म्हणजे नाटक करणारा, लीला दाखवणारा. मी नाराजच झालो होतो तेव्हा, कुणी घरातलं काहीतरी काढून नेल्यासारखं वाटलं.

आता मला वाटतं ज्ञानोबांना दोन्ही पाहिजे होतं. न कळणारा आणि कानडी बोलणारा हे दोन अर्थ एकाच शब्दात बसतात ते उगाच नाही, समोरच्याची भाषा येत नसली की तो कानडाच वाटतो माणसाला. आणि पुढे बघा, 'शब्देविण संवादु'. जिथे शब्द उपयोगाचा नाही तिथे बोलणं चाललंय. आमच्या गल्लीत माझी आजी आणि शेजारची अज्जी तीस वर्षं एकमेकींशी बोलत होत्या, एकीला कन्नड येत नव्हतं, दुसरीला मराठी, आणि एकीच्या घरातलं दुसरीला सगळं माहीत असायचं. मला 'दुजेविण अनुवादु' ऐकताना त्या दोघी कट्ट्यावर दिसतात.

अजून एक. 'खोळ बुंथी घेऊनी खुणाची पालवी' आहे ना, ती खोळ म्हणजे घोंगड्याची खोळ. पावसात धनगर डोक्यावरून पाठीवर घेतात ती. गाणाऱ्या कितीजणांच्या डोळ्यासमोर ते घोंगडं येत असेल? रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' मध्ये विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात दाखवलंय, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाबद्दल पण त्यात आहे. ते वाचल्यापासून मला या गाण्यात रत्नांचा झगमगाट पहिला दिसत नाही. घोंगडं पांघरून लांब उभा राहिलेला एक माणूस दिसतो, हाताने खूण करून बोलावतोय पण हाक मारली तर ओ देत नाही, 'आळविल्या नेदी सादु'.

अबोली

वाचतेय सगळं. पाणी तापत ठेवून विसरले इतकं वाचतेय. लिहा अजून.

स्टुटगार्टकर

माझं गाणं 'पैल तो गे काऊ कोकताहे'. लिहायला जड जातंय पण लिहिते.

आई गेली तेव्हा मला तिकीट वेळेवर मिळालं नाही. दहावा मी फोनवर बघितला, भाऊ एका हातात मोबाईल धरून घाटावर उभा. पिंड ठेवलेले, दह्याभाताची मूद, पाण्याचं भांडं, आणि कावळा शिवेना. पलीकडच्या झाडावर चार कावळे बसलेले दिसत होते, एक खाली यायचा, दोन उड्या मारून जवळ यायचा आणि परत जायचा. काका म्हणाले काहीतरी राहिलंय तिचं, सांगा कोणीतरी. भाऊ म्हणाला बाबांना मी सांभाळीन. नाही शिवला. वहिनी म्हणाली तुमच्या तुळशीला रोज पाणी घालीन. नाही शिवला. मग भावाने फोन पिंडाकडे वळवला आणि म्हणाला तू बोल. इथे सकाळचे साडेपाच, बाहेर अंधार, मी स्वयंपाकघरात उभी. मला काय बोलावं कळेना, मी म्हटलं आई मी ठीक आहे गं. जेवते वेळेवर. आणि पलीकडून सगळ्यांचा एकदम आवाज आला, शिवला शिवला.

यावर कोणाचा विश्वास असो नसो, माझाही आहे की नाही मला माहीत नाही. मी घडलं ते सांगतेय.

त्यानंतर साधारण वर्षाने गाडीत ते गाणं लागलं. लहानपणापासून ऐकलेलं, शाळेच्या गॅदरिंगला नाच बसवला होता आमचा त्यावर, हातात पुठ्ठ्याचे सोनेरी कावळ्याचे पाय. पाहुणे येणार म्हणून कावळा ओरडतोय, किती गोड, एवढंच. त्या दिवशी 'दहीभाताची उंडी लाविन तुझे तोंडी' आलं आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागली. उंडी म्हणजे मूद, गोळा. तोच दहीभात, तोच कावळा, तीच विनवणी. सोन्याने पाय मढवीन, दुधाची वाटी ओठाला लावीन, पण खरं काय ते सांग, 'सत्य सांगे गोठी विठो येईल कायी'. 'पैल' म्हणजे पलीकडे. कावळा पलीकडच्या काठावर बसलाय आणि ही अलीकडून त्याला विचारतेय.

ज्ञानेश्वरांच्या मनात दहावा नसणार, त्यांच्या मनात शकुनाचा कावळाच असणार, मला कळतं. पण आपल्याकडे दोन्ही निरोप आणायला कावळा एकच आहे. घरी कोण येणार तेही तोच सांगतो आणि गेलेलं माणूस समाधानाने गेलं का तेही तोच. माझ्यासाठी आता ती दोन गाणी एकात एक झालीयेत, ती मला सुटी करता येत नाहीत आणि करायचीही नाहीत.

पिंपळपान, तू विचारलंस पहिल्यासारखं ऐकता येतं का. नाही येत. पण मी आता ते जास्त वेळा लावते.

पिंपळपान

अगं काय लिहू. तुझं 'जेवते वेळेवर' वाचून रडले. आयांना दुसरं काय ऐकायचं असतं.

ओवी_जुनी

थोडं विषय सोडून होईल. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, तिला मी एकदा विचारलं होतं की याचा अर्थ काय, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. अर्थ काय म्हणजे? माझ्या भावाला सांगितलंय मी ते. तिच्या डोक्यात गाणं आणि अर्थ असे दोन डबे नव्हतेच, जे बोलायचं ते माणसाला बोलता येत नव्हतं म्हणून जात्याला बोलायचं. सासरचं, माहेरचं, पाठच्या भावाचं. मंडळी झोपलेली असताना पहाटे, घरघर आवाजात, म्हणजे ऐकायचं त्याने ऐकावं नाहीतर नाही.

हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हां यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी गावोगाव हिंडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, त्या आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतात, म्हणणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. मी ऐकते अधूनमधून. आजीच्या ओव्या मात्र आमच्यापैकी कोणीच लिहून ठेवल्या नाहीत. पहिली गिरणी गावात आली आणि त्या बंद झाल्या.

निळी_शाई

मी हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतेय, लिहावं का नको चाललं होतं. टाळकरी दादा आणि स्टुटगार्टकर यांनी इतकं मोकळं लिहिलंय म्हणून मीही लिहिते.

'अवघा रंग एक झाला'. किशोरीताईंनी गायलेलं, भैरवीतलं. हे गाणं कुठल्याही मैफिलीच्या शेवटी येतं, लोक पायातल्या चपला शोधत शोधत गुणगुणतात, आषाढीला तर दिवसभर. अभंग सोयराबाईचा, संत चोखोबांच्या बायकोचा आहे. शेवटचा चरण असा आहे, 'पाहते पाहणे गेले दूरी, म्हणे चोखियाची महारी'.

मी दहावीत असताना एका कार्यक्रमाला आजीला घेऊन गेले होते. गाणं रंगलं, हॉल डोलत होता, आणि गायिका 'सदा समाधिस्थ पाही' वर फिरून ध्रुपदावर आली आणि टाळ्या. शेवटचा चरण म्हटलाच नाही. आजीने माझा हात दाबला आणि हळूच विचारलं, झालं? तिची सही राहिली की.

आजी शाळेत गेलेली नव्हती पण सही हा शब्द तिला बरोबर सुचला. अभंगातली शेवटची ओळ ही सहीच असते, ज्ञानदेव म्हणे, तुका म्हणे, तसं. इतर कुणाची सही आपण गाळतो का? 'तुका म्हणे' कापून कुणी म्हणत नाही. त्या गायिकेचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, तो शब्द स्टेजवर उच्चारायचा कसा असं वाटलं असेल, किंवा वेळ संपली असेल. पण त्या एका चरणाशिवाय अभंग सुंदर रंगाबद्दलचा होऊन जातो, आणि तो रंगाबद्दलचा नाहीच.

'मी तूं पण गेले वाया, पाहता पंढरीच्या राया' असं ही बाई म्हणतेय. पाहता! तिला देवळात जाऊन पाहायची परवानगी होती का? चोखोबांना नव्हती. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर नामदेव पायरीपाशी आहे, म्हणजे बाहेर. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते पडलं आणि त्याखाली ते गेले, १३३८ सालची गोष्ट, नामदेवांनी त्यांची हाडं विठ्ठल विठ्ठल आवाजावरून ओळखून आणली अशी कथा आहे. आणि पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. मधे सहाशे वर्षं गेली. या सगळ्याच्या बाहेर उभी राहून ती म्हणतेय 'नाही भेदाचे ते काम'. ही तक्रार नाही, विनंती पण नाही. ती सरळ सांगतेय की भेद संपला, माझ्याकडून संपला. आणि मग शेवटी ज्या नावाने गावकुसाबाहेर ठेवलं होतं तेच नाव स्वतः हाताने लिहून टाकते.

देहाच्या विटाळावर तिचा दुसरा अभंग आहे, 'देहासी विटाळ म्हणती सकळ', तो वाचा म्हणजे 'देही असोनि विदेही' ही तिच्या तोंडची ओळ कुठून आली ते दिसतं. जिच्या शरीरालाच बाट म्हणून दूर ठेवलं गेलं त्या बाईचं ते वाक्य आहे.

म्हणून मध्यलय, मला तुमचा मुद्दा कळतो, सूर मोठा असतो, किशोरीताईंचा तर किती मोठा. पण शब्द ही खुंटी आहे हे इथे मला मान्य करता येत नाही. इथे तो शब्द म्हणजे उभी असलेली बाई आहे.

मध्यलय

निळी_शाई, तुमची पोस्ट वाचून काल रात्री जुनी वही काढली. नऊ वर्षांपूर्वी क्लासमध्ये हा अभंग उतरवून घेतलेला आहे, चाल, स्वरलेखन, कुठे ठेहराव घ्यायचा, सगळं व्यवस्थित, लाल पेनने. चरण चारच आहेत. पाचवा लिहिलेलाच नाही. आणि खाली अभंग कुणाचा तेही लिहिलेलं नाही. मी हा अभंग निदान पंधरा कार्यक्रमात गायलोय.

काल तो चरण पहिल्यांदा म्हणून बघितला. 'महारी' वर आवाज थांबला माझा, सुरात असूनही. मग हळूहळू, बिनतानेचं, नुसतं सरळ म्हटलं. तीनदा म्हटल्यावर जमलं. सगळ्या अभंगाचं वजन तिथे येऊन टेकतं आणि वरचे चार चरण परत म्हणताना 'एक झाला' चं 'एक' मी आजवर म्हणत होतो तसं म्हणता येईना, ते जरा थांबून म्हणावंसं वाटलं. शब्दामुळे सूर बदलला. ख्यालाबद्दल माझं मत अजून तेच आहे पण अभंगाबद्दल मी चुकीचं बोललो. वहीत पाचवा चरण लिहिला आणि खाली सोयराबाईंचं नाव.

निळी_शाई

धन्यवाद दादा. आजी असती तर तिला दाखवली असती ही पोस्ट.

टाळकरी

मध्यलय दादा, कधी आमच्याकडं एकादशीला या. विराणी तुमच्या गळ्यातनं ऐकायची आहे, पण रात्री दोननंतर.

मध्यलय

नक्की येतो. गाव कळवा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार मानायचे तर जागा पुरणार नाही. काल रात्री लेक झोपल्यावर धागा पहिल्यापासून परत वाचला आणि मग 'घनु वाजे' गाथेतून काढून वहीत लिहून घेतला, एकेक चरण, अभ्यासाला लिहितात तसा. तेव्हा एक चरण दिसला जो मी पहिल्या पोस्टमध्ये सरळ ओलांडून गेले होते, कारण तो मला महत्त्वाचा वाटलाच नव्हता.

'तुम्ही गातसां सुस्वरे, ऐकोनि द्यावी उत्तरे, कोकिळे वर्जावे तुम्ही बाइयांनो.'

ती मैत्रिणींना म्हणतेय, अगं तुम्ही गाताय फार सुरेल, पण माझं ऐका आणि उत्तर द्या. त्या कोकिळेला आवरा आधी. म्हणजे ही जळतेय आणि तिच्या भोवती बायका बसून सुरात गाताहेत, वर कोकिळा, आणि कोणी तिचं ऐकतच नाहीये. हे त्या गाण्यातच लिहून ठेवलंय. सातशे वर्षांपूर्वी.

आज सकाळी लेकीने विचारलं त्या पोळीवाल्या बाईचं पुढे काय झालं. मी म्हटलं माहीत नाही गं, गाण्यात सांगितलेलं नाही. ती दूध पिता पिता जरा थांबली आणि म्हणाली, मग आपण परत लावून ऐकू ना नीट. शाळेची व्हॅन यायला दहा मिनिटं होती. लावलं. ती 'पोळी' ला मान हलवून माझ्याकडे बघत होती, मला माहितीये म्हणून, आणि आरशाची ओळ आली तेव्हा खाली व्हॅनचा हॉर्न वाजला.